म्हशीपुढचं भाषण

आमच्या इंग्रजीच्या मास्तरांइतकं इंग्रजी त्या काळात सातारा-सांगलीच्या पट्ट्यात कुणीच शिकवलं नसेल. फक्त त्यातलं निम्मं म्हशींनी शिकून घेतलं. मी त्यांचा विद्यार्थी, आणि आमच्या गोठ्यात एक म्हैस. दोघांत पुढे कोण होतं, हे गल्लीत कुणाला विचारायची गरज नव्हती.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी ते म्हसवडहून पलूसजवळच्या आमच्या शाळेत आले. भर उन्हाळ्यातही अंगात काळा कोट असायचा. कोटाशिवाय इंग्रजी बोलणं त्यांना उघड्या अंगानं देवळात जाण्यासारखं वाटत असावं. ते एसटीच्या कंडक्टरकडे तिकीट इंग्रजीत मागत आणि तो त्यांना भलत्याच गावी उतरवून देई. तिथून चालत येतानाही त्यांची कंडक्टरवर माया असे. "त्यानं प्रयत्न केला," म्हणत. दहावीतल्या पोरांना ते मिस्टर म्हणून हाक मारत. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला 'मिस्टर' म्हणालं, तेव्हा मी मागे वळून वडील आलेत का ते पाहिलं होतं.

माझं इंग्रजी वाईट होतं असं म्हणणं म्हणजे ते होतं असं कबूल करण्यासारखं आहे. उभं केलं की माझी जीभ टाळूला चिकटायची आणि वर्ग आधीच हसायला लागायचा. एकदा मास्तरांनी मला थांबवून घेतलं.

"घरी म्हैस आहे?"

"हाय सर."

"मग तिला धडा ऐकव. रोज, धारेच्या वेळी. म्हैस हसत नाही, चूक काढत नाही, आणि शेवटपर्यंत ऐकते. एवढा चांगला श्रोता मला बी.ए.लासुद्धा मिळाला नाही."

गाढवापुढे वाचली गीता ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. मास्तरांनी गाढवालाच वाचायला बसवलं. आई धार काढायची आणि मी म्हशीसमोर उभा राहून, "माय डिअर फ्रेंड्स" करत आमच्या गावाचं वर्णन करायचो. म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघत राहायची. मास्तर सायकलवरून मुद्दाम गोठ्यावरून जात आणि आत डोकावून आधी म्हशीला गुड ईव्हनिंग म्हणत, मग मला.

पुढे सांगलीला इंग्रजी भाषणाची स्पर्धा निघाली आणि मास्तरांनी शाळेतर्फे माझं नाव दिलं. हेडमास्तरांनी त्यांना बरं वाटत नाही का, असं विचारलं म्हणतात. माझे वडील फौजेतून हवालदार म्हणून परत आलेले. त्यांचं इंग्रजी 'हॉल्ट' आणि 'डिसमिस' यांच्यामध्येच संपायचं. त्यांनी निकाल लावला, "सांगलीत त्वांड उघडलं तर फुडं शिकवतो. न्हाईतर उसाला पाणी पाजायला ये. मी सोत्ता बघाय येणार हाय."

सांगलीत हॉल भरला होता. पुढे हळदीचे व्यापारी, वकील आणि इस्त्रीचे कपडे घातलेली शहरातली पोरं होती. मी "माय डिअर फ्रेंड्स" म्हणालो आणि तिथंच माझं गाव पुसलं गेलं. कुणीतरी हसलं. वडील मान खाली घालून बसले. माझं शिक्षण संपलं होतं आणि मला समोर उसाचे पाट दिसत होते.

तेवढ्यात मागच्या रांगेत मास्तर उठून उभे राहिले. काळा कोट, हात मागे बांधलेले, आणि नजर माझ्यावर रोखून ते सावकाश, गंभीरपणे रवंथ करत होते. जबडा डावीकडून उजवीकडे, मग परत. शेजारचे गृहस्थ त्यांच्यापासून सरकून बसले. मी मात्र आमच्या गोठ्यात पोहोचलो. धारेचा आवाज आला आणि पाठोपाठ सगळं भाषण आलं, चुकांसकट, शेवटपर्यंत.

बक्षीस अर्थातच मिळालं नाही. वडील बाहेर येऊन म्हणाले, "काय बोल्लास ते कळलं न्हाई. पर थांबला न्हाईस. शीक." मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुमची दाढ दुखती काय?"

मास्तरांना घेऊनच घरी आलो तर आई वैतागलेली. "आवं मास्तर," ती म्हणाली, "दोन वक्त झालं, म्हस पान्हा सोडंना. पोरगं बडबडल्याबिगार दूधच देत न्हाई. मी सोत्ता 'मायडेर फ्रेन' म्हणून बघितलं, लाथ मारली तिनं." मास्तरांनी कोट नीट केला, गोठ्यात गेले आणि माझं भाषण म्हशीला पहिल्यापासून म्हणून दाखवलं. चरवी भरली. सांगलीतल्या परीक्षकांपेक्षा तिची पारख बरी होती, असं माझं आजही मत आहे.

मी शिकलो, पुण्यात नोकरीला लागलो, साहेबही झालो. आजही चार माणसांत इंग्रजी बोलायची वेळ आली की मी आधी कुणी पान-तंबाखू चघळतंय का ते शोधतो आणि त्याच्याकडे बघून बोलतो. हाताखालच्या लोकांना तो माझा स्वभाव वाटतो.

निवृत्तीनंतर मास्तर म्हसवडला परतले होते. फार उशिरा मी त्यांना भेटायला गेलो. ओसरीवर बाजेवर बसले होते, अंगात तोच कोट. सुनेनं सांगितलं, "आता कुणाला वळखत न्हाईत." मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, काही उमटलं नाही. मला फार वाईट वाटलं. मग काय करावं ते न सुचून मी समोर उभा राहिलो आणि "माय डिअर फ्रेंड्स" म्हणून सुरू केलं. त्यांचा बोळका जबडा हळूहळू हलायला लागला. ते माझ्याकडे बघत होते, एकदाही न हसता. मी सगळं म्हणालो, जुन्या चुकांसकट. सून दारात पदर तोंडाशी धरून उभी होती.

भाषण संपलं तसा जबडा थांबला. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"म्हैस ऐकते का रे अजून?"

म्हैस जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"ऐकते, सर," मी म्हणालो. "शेवटपर्यंत ऐकते."