बांगड्यांच्या दुकानातलं घड्याळ

घड्याळ आलं ते दूध पावडरीच्या डब्यातून. आणणारा माणूस नात्यातला नव्हता. आखातात आमच्या ह्यांच्याबरोबर एका खोलीत राहणारा होता. सुट्टीवर आपल्या गावी निघाला होता, तो वाट वाकडी करून पौडला उतरला. डबा माझ्या सासूच्या हाती देत म्हणाला, पावडर चहाला वापरा, पण आधी तळाशी हात घालून बघा. सासूनं कोपरापर्यंत हात घातला आणि एक पायमोजा बाहेर काढला. मोज्याच्या टाचेत घड्याळ होतं. मला हसू आवरेना. सासू म्हणाली, मोजा धुतलेला आहे, दात काढू नकोस.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत हे तीन वर्षांच्या करारावर गेले होते. ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पौडात तेव्हा कोणी कुठल्याही अरबी मुलखात गेला तरी लोक दुबईला गेला म्हणत, त्यामुळं मी साऱ्या आळीची दुबईवाली झाले होते. घड्याळ मात्र स्वित्झर्लंडचं. सोन्याच्या काठाचं, काचेखाली तारखेची एवढीशी खिडकी. आठवडाभर बाया बघायला येत होत्या. एकीनं कानाशी धरलं, एकीनं काठ चावून सोनं खरं का ते बघू म्हणून मागितलं. तिला मी चहा दिला आणि लवकर वाटेला लावलं.

त्या माणसानं एक निरोपही आणला होता. चहाची बशी खाली ठेवता ठेवता तो म्हणाला, "हातातनं काढायचं न्हाई, असं सांगितलंय त्यानं."

ह्यांची पत्रं सासूच्या नावानं येत आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली जात. त्यात माझ्यासाठी वेगळं काही नसे, आणि असणार तरी कसं. म्हणून हे एवढं एक वाक्य मी माझ्या एकटीचं धरलं. आंघोळीपुरतं घड्याळ न्हाणीच्या कोनाड्यात ठेवायची, एरवी ते मनगटावरून उतरलं नाही. हट्ट म्हणा, खुळेपणा म्हणा. मी काही शहाणी म्हणून कधी प्रसिद्ध नव्हते.

आमचं घर मण्याराचं. स्टँडसमोर बांगड्यांचं दुकान होतं आणि बाजाराच्या दिवशी आम्ही सासू-सुना तरट टाकून रस्त्यापर्यंत पसरत असू. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. बांगडी भरणं बघणाऱ्याला सोपं वाटतं. गिऱ्हाइकाचा हात डाव्या हातात घ्यायचा, अंगठ्याच्या बुडाशी दाबत दाबत मऊ करायचा, बोटं आवळून पंजा निमुळता करायचा आणि उजव्या हातानं बांगडी सांध्यांवरून पुढं सरकवायची. बाई कळवळते, मग तिला माहेरचं काहीतरी विचारायचं. ती सांगायला लागली की हात सैल सोडते. या सगळ्यात माझं डावं मनगट तिच्या मनगटाला भिडलेलं असे. तिच्या हातात आधीच्या काचा, माझ्या हातात स्वित्झर्लंड. दिवसभर एकमेकांवर घासत.

पहिला मोठा ओरखडा धरणाच्या अंगाकडच्या एका नवरीनं पाडला. हाड जाड, वय कोवळं, त्यात हिरवा चुडा भरायचा. दुखलं तसा तिनं हात हिसकला, बांगडी तडकली आणि तिचं टोक माझ्या घड्याळाच्या काचेवरून साताच्या आकड्यापासून चारापर्यंत गेलं. आम्ही बांगडी फुटली असं म्हणत नाही, वाढवली म्हणतो. सासू तेवढं म्हणाली आणि दुसरी बांगडी घेतली. नवरी माझ्याकडं बघून रडायला लागली, तर तिची समजूतही मलाच काढावी लागली. नंतर किती ओरखडे आले त्याला गणती नाही. चमकी लावलेल्या बांगड्यांची फॅशन आली तेव्हा तर सोन्याचा काठही खरडून निघाला. काच अशी धुरकटली की तारीख बघायला घड्याळ उन्हात तिरकं धरावं लागे.

मी उपाय कमी केले नाहीत. दंतमंजन ओल्या फडक्यावर घेऊन घासलं, तर बारीक ओरखडे गेले आणि त्यांच्या जागी पांढरा धुरळा बसला. खोबरेल लावलं की दुपारपर्यंत छान दिसे, मग बाजारातली सगळी धूळ त्यावर येऊन बसे. शेजारीण चिंच आणि चुलीतली राख घेऊन आली, म्हणाली, पितळ कसं लखलखतं बघ. मी हात पाठीमागं लपवला. शिंप्याच्या दुकानात कोपऱ्यात बसणारा घड्याळजी म्हणाला, काच बदलून काठ चाकावर घासून घ्यावा लागेल, ते काम पुण्याला होतं, आठ दिवस ठेवून जावं लागेल. ठेवून जाणं मला मंजूर नव्हतं. निरोप तसा नव्हता.

दुकान स्टँडसमोर असण्याचा एक त्रास होता. संध्याकाळी पुण्याची गाडी लागे आणि तिच्यातून कारखान्यात जाणारे बाप्ये उतरत. कोणाच्या हातात भाजीची पिशवी, कोणाच्या हातात केळ्यांची फणी. ज्यांच्या बायकांना मी सकाळी बांगड्या भरल्या त्यांचे नवरे संध्याकाळी माझ्यासमोरून घरी जात. मी दिवसभर किती बायांचे हात हातात घेई. माझा हात कोणी घेत नसे. हे मला अगदी याच शब्दांत कळत होतं आणि सांगायला कोणी नव्हतं. सासू होती, पण ती बोलायची ती मालाबद्दल. सव्वादोन मापाच्या संपल्या, अडीचच्या मागव. रात्री दोघींच्या दोन भाकरी झाल्या की दिवस संपला.

मग एकदा कळलं की ह्यांचा करार संपतोय, हे येताहेत. पुढचं काय ते इकडं आल्यावर ठरवू, असं पत्रात होतं. ते ऐकलं तेव्हाच मी मनाशी ठरवलं, या माणसाला परत जाऊ द्यायचं नाही. नुसतं रडून ओरडून नाही, माझ्याजवळ सांगण्यासारखं काही होतं. दुकान चालत होतं. सासूचे गुडघे गेले होते. आणि ह्यांच्यासारखा बांगड्या भरणारा आमच्या बाजारात दुसरा नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या ईदेला ह्यांनी माझे हात भरले होते. मी स्वतः मण्याराची लेक, पण बांगडी सांध्यावरून कधी उतरली ते मला कळलंसुद्धा नव्हतं. दोघं दुकानात बसू, सासूला घरी बसवू, असं सगळं जुळवून मी तयार होते.

अडचण एकच दिसत होती, घड्याळ. इतकं महागाचं घड्याळ असं खरवडलेलं बघून पहिल्याच दिवशी त्यांचं डोकं फिरलं, तर माझं बोलणं तोंडातच राहणार. मी पुन्हा दंतमंजन घेऊन बसले. सासू नमाज आटोपून उठली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली.

"त्यो घड्याळ बघाया येतुया का तुला?" ती म्हणाली.

मी फडकं आणखी जोरानं घासायला लागले.

हे दुपारच्या गाडीनं आले. दोरीनं बांधलेली मोठी बॅग, अत्तराचा वास, रंग जळून काळाठिक्कर. बोलण्यात मधेमधे हिंदी. आळी जमली, चहा झाला, लोक पांगले. मग ह्यांनी माझं मनगट धरून उजेडाकडं वळवलं. त्यांची बोटं खरखरीत लागली, पण माझं सगळं लक्ष घड्याळाकडं.

"ह्ये काय करून ठिवलंय? दुकानात घालून बसती व्हय?"

"तुमीच सांगितलं व्हतं, हातातनं काढायचं न्हाई म्हणून."

ते आठवायला लागले. खरोखर आठवायला लागले, कपाळाला आठ्या घालून. मग हसले आणि म्हणाले, "म्हणलं असंल. तितनं बोलाया काय जातंय."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी ते घड्याळ घेऊन पुण्याला गेले आणि तिथल्या ओळखीच्या घड्याळजीला गळ घालून ते लवकर दुरुस्त करवून घेऊन आले. नवी काच, घासून पिवळाजर्द केलेला काठ. मोज्यातून निघालं तेव्हाही इतकं चमकत नव्हतं. माझ्या हातात बांधत म्हणाले, बघ, काही झालंच नाही. मला रडू आलं. त्यांना वाटलं आनंदानं आलं, आणि मी तसंच वाटू दिलं. खरं तर त्या धुरकट काचेखाली माझी तीन वर्षं होती, ती कुठल्याशा चाकावर घासली गेली होती. पण असलं काही नवऱ्याला सांगता येत नाही. आणि मला त्याहून महत्त्वाचं बोलायचं होतं.

बोलायला योग्य वेळ मी शोधत राहिले. ती आली एका दुपारी. बाजार नव्हता, सासू घरी पडली होती, दुकानात आम्ही दोघंच. ह्यांना आवडतील म्हणून ठेवलेल्या निळ्या बांगड्या मी दोरीतून सोडल्या, घड्याळ काढून गादीवर ठेवलं आणि हात पुढं केला. म्हटलं, भरा.

ते कचरले. मला वाटलं लाजले. मग त्यांनी माझा पंजा डाव्या हातात घेतला, बोटं आवळली, पहिली बांगडी सांध्यावर टेकवली. ती तिथंच तडकली. मी हसून दुसरी दिली. तीही गेली. तिसऱ्या वेळी काच माझ्या अंगठ्याच्या बुडात घुसली आणि रक्त आलं, तरी ते दाबतच होते. त्यांना कळलंच नव्हतं. मी "आई गं" म्हटलं तेव्हा त्यांनी हात सोडला.

मग त्यांनी आपले दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. तीन वर्षं लोखंडी गज वाकवायचं काम होतं त्यांचं; पत्रात ते नुसतं कंपनीत आहे असं लिहीत. तळव्याला कातडं कसलं, टाचेसारखी साल झाली होती. उजव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नव्हती.

"काच हातात हाय का न्हाई, त्ये समजत न्हाई," ते म्हणाले. "मण्याराचा हात ऱ्हायला न्हाई ह्यो."

मी लुगड्याचा पदर अंगठ्याला गुंडाळला. ते खाली बसून काचा वेचायला लागले, तर बारीक तुकडे त्यांच्या बोटांत येईनात. मी म्हटलं, ऱ्हाऊ द्या, मी झाडते. इतके दिवस जुळवून ठेवलेलं सगळं बोलणं माझ्या तोंडाशी होतं आणि त्यातला एक शब्दही आता त्यांच्यासमोर काढण्यासारखा उरला नव्हता. दुकानात बसा म्हणून कोणाला सांगायचं?

"परत कधी जायचं ठरलंय?" मी विचारलं.

"ठरलं न्हवतं," ते म्हणाले. "परत धाडणाऱ्या एजंटाला मी व्हय म्हणलोच न्हाई अजून. म्हणलं, घरी जावं, आदी हात चालतुया का बघावं."

म्हणजे तेही राहायलाच आले होते. मी केरसुणी आणायला उठले आणि आतल्या दारामागं तोंडात पदर कोंबून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा एक बाई लेकीला घेऊन दुकानात शिरत होती. ह्यांनी तिला बसायला जागा करून दिली आणि स्वतः गादीवरून उठून बाहेर जाऊन उभे राहिले. मी त्या पोरीचा हात घेतला.

दोन दिवसांनी सकाळच्या गाडीनं ते मुंबईला एजंटाकडं गेले.