माहेरची वाटी

दुर्गदबैल बाजाराजवळच्या सोनारगल्लीत पद्मनाभअण्णांइतका सरळ माणूस शोधून सापडला नसता, आणि तिथंच सगळा घोळ झाला. रेडिओच्या लायसन्सची मुदत संपायच्या आधी आठवडाभर स्वारी पोस्टात हजर. तराजूवर शिक्का मारून घ्यायला सगळ्यांच्या पुढे. "सरकारनं सांगितलंय म्हणजे काहीतरी विचार असेलच की," म्हणायचे. कसला विचार अन् कसलं काय!

त्रेसष्ट साली हुकूम निघाला, चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही. म्हणजे निम्म्याहून जरा जास्त सोनं, बाकी तांबं-चांदी. गल्लीतल्या सोनारांनी माना डोलावल्या आणि दारं लोटून जुनंच काम चालू ठेवलं. अण्णांनी मात्र हुकूम पाळला.

त्याच वैशाखात अण्णांच्या लेकीचं, कमलचं लग्न ठरलं, बेळगावच्या सोनारांच्याच घरात. मंगळसूत्रात दोन वाट्या, एक सासरची, एक माहेरची. माहेरची बापानंच घडवायची. अंबूताईंनी नवऱ्यापुढे हात जोडले. "अहो, पोरीपुरतं तरी चोख करा. घरचंच सोनं, कोण बघायला येतंय?"

कमल दाराआडून बापाला म्हणाली, "अप्पा, एवढी एकच."

अण्णा दोन दिवस बागेसरीतल्या, म्हणजे सोनारी शेगडीतल्या, निखाऱ्यांपुढे नुसते बसून राहिले. घाबरले होते, खोटं कशाला बोला! तिसऱ्या दिवशी त्यांनी चौदाचीच वाटी घडवली.

सहा महिन्यांत ती काळवंडली. शेजारी सासरची वाटी पिवळीजर्द. कायदा सासरच्यांनाही ठाऊक होता, पण त्यांनी आपली वाटी गुपचूप चोख घडवली होती. सासू आल्यागेल्याला सुनेचा गळा दाखवायची, "बघा, सोनाराची लाडकी लेक!" नवराही हसायचा. कमलला पदर गळ्याशी ओढून घ्यायची सवय लागली. पुढे तिनं माहेरी येणंच सोडलं.

सहासष्टात सरकारनं तो नियम उठवला. कळलं त्याच दुपारी अण्णांनी बागेसरी पेटवली, बावीस कॅरेटची वाटी घडवली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं बेळगाव गाठलं. ओसरीवर त्यांनी लेकीपुढे तळहात उघडला.

कमलनं वाटी बघितली. मग म्हणाली, "अप्पा, आता परवानगी मिळाली म्हणून आणलीत ना?"

 तिनं हलकेच त्यांची मूठ मिटली आणि चहा टाकायला आत गेली.