मधलं जोडपान

मृत्यूनंतर माणूस सगळ्या क्षुद्र तपशिलांच्या पलीकडे जातो. विद्याधर ओगले मात्र माझ्या आरामखुर्चीच्या हातावर बसून जर्मन ओळींमधलं अंतर मोजतोय.

दुपारचं जेवण झालंय, डोळे अर्धवट मिटलेत, छातीवर पुस्तकाचं प्रूफ आहे. माझ्या विनोदी कथा, जर्मन आणि जपानीत. मला दोन्ही भाषा येत नाहीत, त्यामुळे कथा प्रथमच निर्दोष वाटताहेत. मांडणी विद्याधरची. जर्मन डावीकडून सुरू होतं, उभ्या ओळींचं जपानी उजवीकडून. पुस्तकाला दोन मुखपृष्ठं. मागची बाजू नाहीच. तो मार्चमध्ये गेला. उरलेलं काम त्याच्या मुलीनं, केतकीनं केलं. आज संध्याकाळी छपाईला जायचंय, माझा होकार तेवढा बाकी.

"हे दोन म्हातारे कोण?" तो विचारतो.

मधल्या जोडपानावर, जिथे दोन्ही भाषा संपतात, डावीकडे त्याचा फोटो आहे, उजवीकडे माझा.

"आपण," मी म्हणतो.

"टोलनाक्यावर बसल्यासारखे दिसतोय. ही पानं मी कोरी ठेवली होती."

"केतकीला ती राहून गेलेली वाटली."

मी खुर्चीतून उठतो तो छापखान्यात. यंत्र सुरू झालंय. कागद भराभर पडताहेत, प्रत्येकावर विद्याधर, आणि दर कागदागणिक माझ्या शेजारचा विद्याधर फिकट होतोय.

"बंद कर रे ते!"

"बटण कुठंय?"

"मला काय विचारतोस? मी मेलोय."

मी भिंत चाचपतो. भिंतीचं दार होतं. आत केतकी पाठमोरी बसलीय. पडद्यावर बापाचा फोटो केसभर डावीकडे सरकवतेय, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. यंत्राचा आवाज इथेही येतोय.

"तिला सांग, मला काढ म्हणावं," विद्याधर कुजबुजतो. त्याच्या शर्टातून मला पलीकडची खिडकी दिसतेय.

"तू गेल्यापासून ती रडलेली नाही. तिला काय सांगू, बापाला पुसून टाक?"

"जर्मन वाचणारा इकडून येतो, जपानी वाचणारा तिकडून. इथे दोघं समोरासमोर येतात. त्यांची गाठ पडावी म्हणून जन्मभर धडपडलो, आणि आता मधे मीच बसू?" तो जोडपान मधोमध दुमडतो, घडीवरून अंगठ्याचं नख दाबून फिरवतो. "आणि ही मला अशीच सरकवत बसणार. सोडव रे तिला."

यंत्र किंचाळतं. तो फोन आहे.

"काका, पाठवू ना छपाईला?" केतकी विचारते.

प्रूफ छातीवरच आहे. मधलं जोडपान दुमडलेलं, घडी सुरीच्या धारेसारखी. मला साध्या रुमालाची घडी धड घालता येत नाही.

"केतकी, मधली पानं कोरी ठेव ग. तो कधी वाचकांच्या मधे बसला नसता."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज, आणि मग ती चक्क रडायला लागते. मी फोन कानाशी धरून बसून राहतो.

"काढते बाबांना," ती शेवटी म्हणते. "तुमचाही काढते मग."

"हो, हो. अर्थात." मी घडीवरून बोट फिरवतो. "मी काय म्हणतो, मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला माझा, अगदी लहानसा, बसतो का बघ ना."