उलट्या वळणाची भुवई

मारिबोरच्या येल्का लोरबेरची डावी भुवई दर दुसऱ्या शनिवारी कापावी लागे. मुळात ती भुवई नव्हतीच. कानामागची केसांची पट्टी उचलून तिथे शिवलेली. आपली बदली झाली आहे हे त्या केसांना कोणी सांगितलं नव्हतं, ते डोक्यावरच्यासारखे वाढतच राहिले. कात्री चालवायचा तिचा नवरा स्लाव्को. शहर बसचा ड्रायव्हर, हात स्थिर.

"हलू नकोस. मागच्या वेळी हललीस आणि पुढचा आठवडाभर माझ्याकडे संशयाने बघत होतीस."

"संशय तसाही आहेच," येल्का म्हणायची.

ती सहा वर्षांची असताना घरी डुक्कर कापायचा दिवस होता. अंगणात चरबी कढवायची कढई. कोणाचा तरी धक्का लागला आणि कढई कलंडली. कोणाचा, ते त्या घरात कधी कोणी विचारलं नाही आणि तेच बरं झालं. कपाळ, गाल, भुवई गेली, डोळा वाचला. प्तुयजवळच्या त्या खेड्यातून तिला मारिबोरला आणलं ते डॉक्टर त्सिरिल होयनिक यांच्याकडे. त्या वेळी ते तरुण होते, आणि नुकतीच त्यांनी सीमेपलीकडच्या ग्राझच्या डॉक्टरांशी गट्टी जमवली होती. दर वसंतात दोन्हीकडचे प्लास्टिक सर्जन एकत्र बसायचे, एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. रिवाज असा, की पाहुण्याने शस्त्रक्रिया करायची आणि यजमानाने हाताखाली उभं राहायचं. येल्काची भुवई ग्राझच्या डॉक्टर एगॉन ट्राटनिग यांनी लावली. पट्टी कानामागून काढून त्यांच्या हातात दिली होयनिकांनी.

फोटो काढताना आई म्हणाली, "डॉक्टर, उद्या हिचं लग्न करायचंय मला. हिचा चेहरा कुणाला दाखवू नका." डॉक्टरांनी शब्द दिला आणि पाळला. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी आली. त्या पट्टीसकट फोटो ग्राझला गेला, झाग्रेबला गेला, पुढे युरोपभराच्या संघटनांचा महासंघ झाला तेव्हा त्याच्या शिकवण्याच्या संग्रहात जाऊन बसला. येल्काने प्तुयच्या पुढचं जग पाहायच्या आत तिचा गाल दहा देश फिरून आला होता.

ड्रेसिंगला येता येता मुलगी मोठी झाली, टायपिंग शिकली, आणि डॉक्टरांनी तिला विभागात कामाला घेतलं. स्लोव्हेनिया वेगळा देश झाला, तिथल्या सर्जनांची स्वतःची संघटना निघाली, आणि तिची चिटणीस कोण हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलत. येल्का बदलत नसे. महासंघाच्या बैठकीत कोणी कोणाशेजारी बसायचं, डेन्मार्कच्या बाईंना खिडकी उघडी लागते आणि ग्रीसच्या गृहस्थांना बंद, कोणाचा ठराव कोणाच्या अनुमोदनाशिवाय पडेल, सगळं तिच्या डोक्यात. स्लोव्हेनियाचे सगळे सर्जन स्लाव्कोच्या एका बसमध्ये मावले असते, जर्मनीचे एका गावात मावणार नाहीत. मत मात्र दोघांनाही एकच. हे ती नव्या अध्यक्षांना पहिल्याच दिवशी सांगे, म्हणजे मग ते परदेशात खांदे पाडून बसत नसत.

तर त्या वर्षी महासंघाची बैठक पहिल्यांदाच मारिबोरला होणार होती. सभागृहात एक भिंत ठरली: दोन देशांनी मिळून केलेल्या कामाचा एकेक फोटो, प्रत्येक जोडीने पाठवायचा. ग्राझहून जो फोटो आला तोच इकडच्या अध्यक्षांनीही निवडला. अध्यक्ष म्हणजे नेजा क्रांबर्गर, चाळिशीची, हुशार, चालताना बोलणारी.

"येल्काबाई, हा बघा. आमची पिढी भुवई लावायला यावरच शिकली. आणि गंमत अशी, की भुवई पट्टीखाली आहे. इतकी वर्षं आम्ही न दिसणारी भुवई बघतोय. मूळ काच, म्हणजे पट्टी नसलेली निगेटिव्ह, होयनिक सरांकडे आहे. तीन अध्यक्षांनी मागितली, तिघांना त्यांनी हाकललं."

"का?"

"म्हणे पेशंटच्या आईला शब्द दिलाय. कोण पेशंट, कुठे आहे, जिवंत आहे का, काही बोलत नाहीत. तुम्ही बघा ना, तुमचं ते ऐकतात."

येल्काने फोटो हातात घेतला. येल्का लहानपणी भाजली होती हे नेजाला माहीत होतं. सगळ्या विभागाला माहीत होतं. पण चेहऱ्यांवर पोट असलेल्या या मंडळींपैकी एकालाही कधी समोरची बाई आणि फोटोतलं पोर जुळवता आलं नव्हतं. पट्टी काढली की माणसं डोळ्यांनी ओळखतात, आणि पट्टी असली की ओळखायचा प्रयत्नच करत नाहीत. शिवाय येल्का कपाळावर केस सोडायची.

"बघते," ती म्हणाली.

घरी तिने स्लाव्कोला सांगितलं. पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार होती. तिला तो फोटो भिंतीवर हवा होता, पट्टीशिवाय, खाली तिचं नाव घालून. एवढंच.

"लोक बघत बसतील," स्लाव्को म्हणाला.

"बसू देत. आयुष्यभर मी त्यांची नावं खुर्च्यांवर लावली. एकदा माझं लागू दे."

रविवारी ती होयनिकांकडे गेली. पत्नी गेल्यापासून डॉक्टर द्राक्षमळ्याच्या उतारावर एकटे राहत. त्यांनी तिच्यापुढे घेवड्याची कोशिंबीर ठेवली, वर भोपळ्याच्या बियांचं काळं तेल ओतलेली, आणि ती खाईपर्यंत दुसरं काही बोलू दिलं नाही.

"नेजाने पाठवलंय ना तुला?" ते म्हणाले. "तिला सांग, काच फुटली."

"फुटलेली नाही. तुम्ही खोटं बोलताना चष्मा काढता."

त्यांनी चष्मा परत लावला.

"मी चिटणीस म्हणून आलेच नाही, डॉक्टर. पेशंट म्हणून आले. फोटो माझा आहे, परवानगी मी देते. लेखी हवी असेल तर लिहून देते."

"तुझ्या आईला शब्द दिलाय मी."

"आईला माझ्या लग्नाची काळजी होती. लग्न झालं. नवरा टिकला. आई जाऊन नऊ वर्षं झाली. आता तो शब्द कोणासाठी जपताय?"

डॉक्टरांनी पाव कुस्करला. वयात आलेली लेक बापाला अडचणीचं विचारते तेव्हा बाप करतो तसं.

"पोरी, ती भुवई उलटी लागलीय," ते अखेर म्हणाले. "केस कानाकडे झुकायला हवेत, तुझे नाकाकडे झुकतात. पहिला टाका पडला तेव्हाच मला दिसलं. पण एगॉन पाहुणा होता. मनात म्हटलं, ग्राझला अशीच पद्धत असेल, आपण खेडवळ, पाहुण्याला काय शिकवायचं? गप्प राहिलो. त्यालाही दिसलं होतं. त्याला वाटलं, यजमानाने पट्टी तशीच हातात दिली, म्हणजे त्याचा काही हेतू असणार, त्याच्याच घरात त्याला कसं टोकायचं? तोही गप्प. दोन शहाणी माणसं एकमेकांची अदब राखत होती, आणि मधे तू झोपली होतीस."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"सात-आठ वर्षांनी. ग्राझला, जेवताना. तो आधी बोलला. मग आम्ही दोघांनी ठरवलं, पुढे एकत्र काम करताना पहिल्या टाक्याआधी दोघांनीही जे दिसतंय ते मोठ्याने सांगायचं. पाहुण्याने आणि यजमानानेही."

ते वाक्य येल्काने दरवर्षी संयुक्त बैठकीच्या पत्रिकेत टाइप केलं होतं. ते कुठून आलं हे तिला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. आता कळलं. राग येईल असं तिला वाटलं होतं. आला नाही. समोर बसलेला म्हातारा तिच्या भुवईकडे बघायचं टाळत होता, आणि तिच्या लक्षात आलं की तो आयुष्यभर तसंच टाळत आला होता. तिच्या लग्नातसुद्धा.

"डॉक्टर, ती भुवई रोज सकाळी मी विंचरते," ती म्हणाली. "उलटं वळण मला माहीत नाही होय? पाण्याचं बोट लावून कानाकडे वळवते, दुपारपर्यंत राहते, मग परत नाकाकडे. स्लाव्को म्हणतो, तुझी एक भुवई सरकारी नोकरीत आहे, दुपारनंतर कामावर नसते."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांचे डोळे भरले.

"तुला बोचलं नाही?"

"शाळेत बोचलं. पुढे पोरं झाली, त्यांना तीच आवडायची, पाळण्यातून हात घालून ओढायची. तुम्हाला लाज वाटते म्हणून माझं तोंड झाकून ठेवणार आहात का? इकडे बघा तरी."

त्यांनी बघितलं. मग उठून जवळ आले, अंगठ्याने तिचे कपाळावरचे केस बाजूला केले आणि सर्जन बघतो तसं बघितलं. मग तसं बघणं सोडून नुसतंच बघितलं.

"वाईट नाही," ते म्हणाले. "चुकीची आहे, पण वाईट नाही."

काच त्यांनी दिली, एका अटीवर: खाली खरं लिहायचं. येल्काने लिहिलेला मजकूर, नावासकट, नेजाने वाचला तेव्हा ती चक्क चालायची थांबली आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. नंतर म्हणाली, "येल्काबाई, मी गाढव आहे."

"असू दे. ग्राझला फोन करा, त्यांनाही विचारायला हवं. ट्राटनिग गेले, पण काम दोघांचं आहे."

ग्राझहून उत्तर आलं, लिहा.

बैठकीच्या दिवशी भिंतीवर सहा वर्षांची पोर उघड्या डोळ्यांनी बघत होती. सुजलेला गाल, टाके, आणि नाकाकडे झुकलेली कोवळी भुवई. खाली येल्का लोरबेर, मारिबोर आणि ग्राझ, आणि पुढे: दोघांना दिसलं, दोघेही बोलले नाहीत. लोकांची तिथे दाटी झाली. डॉक्टर होयनिक काठी टेकत आले, येल्काशेजारी उभे राहिले. तिने त्या दिवशी केस मागे बांधले होते.

लिस्बनचा एक तरुण सर्जन फोटोकडे, मग डॉक्टरांकडे वळला आणि अदबीने विचारू लागला, की अशी भुवई पुढे कशी राहते, तिची काळजी कशी घ्यावी लागते, वय झाल्यावर काय होतं.

डॉक्टर थोडे बाजूला सरकले.

"मला काय माहीत?" ते म्हणाले. "मी एक सकाळ सांभाळली. यांना विचारा."

येल्का सांगू लागली. आधी हळू, मग तिच्या रोजच्या आवाजात, ज्या आवाजात ती देशांना खुर्च्या दाखवायची.