बऱ्या झालेल्या बायका

उटनूरच्या त्या खाजगी दवाखान्यात चारुलता सिस्टर कामाला लागल्या तेव्हा ऑपरेशनच्या खोलीला पडदा होता, दार नव्हतं. दार बसलं, मशिनी आल्या, डॉक्टर व्यंकटरावांचे केस पिकले, आणि चारुलताबाई दवाखान्याच्या सगळ्यांत जुन्या नर्स झाल्या. त्यांचे आजोबा निजामाच्या राजवटीत तहसिलीत कारकून होते, वडील शाळामास्तर, नवरा हेरंब इंग्रजीचा शिक्षक. घरात कोणी कोणाला मोठ्यानं बोलत नसे. दवाखान्यात मात्र चारुलताबाईंचा आवाज फाटकापर्यंत ऐकू जायचा.

हैदराबादला त्यांनी जंतुसंसर्ग रोखण्याचं प्रशिक्षण घेतलं आणि त्या परत आल्या त्या वेगळ्याच होऊन. सिझर झालेल्या बायकांचे टाके फार पिकायचे. चारुलताबाईंनी एकेक गोष्ट बदलायला घेतली. ऑपरेशनआधी आंघोळ, ब्लेडनं केस काढणं बंद, इंजेक्शन वेळेवर, हात धुतल्याशिवाय ड्रेसिंगला कोणी शिवायचं नाही. डॉक्टरांनाही त्यांनी दोनदा बेसिनकडे परत पाठवलं होतं. आणि बाळंतीण घरी निघाली की तिला व तिच्या सासूला समोर बसवून त्या सांगायच्या, "नीट ऐका. स्वच्छ राहाल तर टाका भरेल. ज्याच्या घरी घाण, त्याचाच टाका पिकतो. काही झालं तर लगेच इकडे यायचं." बायका माना डोलवायच्या. हे वाक्य त्यांचं त्यांनाच फार आवडलं होतं. तेलुगूत, हिंदीत, तोडक्यामोडक्या गोंडीतसुद्धा त्यांनी ते बसवून घेतलं होतं.

वर्षभरात पिकलेला टाका दाखवायला येणाऱ्या बायका एकदम कमी झाल्या. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हे लिहून काढू. जर्नलमध्ये पाठवू." चारुलताबाईंनी माहिती जमवली, डॉक्टरांनी आकडे मांडले, हेरंबनं इंग्रजी घासूनपुसून घेतलं. एका ठिकाणी हेरंब अडला. "सगळ्या बायकांना महिनाभर पाहिलंत ना तुम्ही? जर्नलचा तसा नियम दिसतो."

"आल्या त्यांना पाहिलं."

"आणि नाही आल्या त्या?"

"त्रास असता तर आल्या असत्या ना," चारुलताबाई म्हणाल्या. डॉक्टरही तेच म्हणाले. मग हेरंबनं लिहिलं की सर्व स्त्रियांचा तीस दिवस पाठपुरावा करण्यात आला. चारुलताबाईंनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. आणि पुढच्या पानावर गेल्या.

पेपर गेला, जर्नलच्या तपासणाऱ्यांचे प्रश्न आले, उत्तरं गेली. त्या ओळीबद्दल कोणी विचारलं नाही. पावसाळा संपता संपता 'स्वीकारला' असा मेल आला. दवाखान्यात पेढे वाटले गेले. आदिलाबादच्या एका नर्सिंग कॉलेजनं चारुलताबाईंना मुलींपुढे बोलायला बोलावलं. भाषणाची तारीख ठरवून त्या एके दिवशी आदिलाबादहून परत येत होत्या. इंद्रवेल्लीला आठवडी बाजार दिसला तशा त्या भाजी घ्यायला बसमधून उतरल्या.

तुळजाबाईचं दुकान त्यांना ठाऊक होतं. वांगी, मेथी, कोथिंबीर, सगळं घरच्या मळ्यातलं. तुळजाबाईची सून रुपा उटनूरच्याच दवाखान्यात सिझर होऊन बाळंत झाली होती. चारुलताबाई पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या तशी तुळजाबाईनं नजर खाली घातली आणि न विचारताच पिशवीत मेथीच्या जुड्या भरायला लागली.

"काय मावशी, ओळखलं नाही का? रुपा कशी आहे?"

"चांगली हाय बाई. बेस हाय."

रुपा मागंच बसली होती. पोर मांडीवर होतं. तिनं पदर ओढून घेतला. पोराला उचलून मागच्या पालात जायला ती उठली, पण सरळ उठली नाही. एका कुशीवर कलून, पोटाला हात लावून, दात आवळून उठली. चारुलताबाईंनी इतक्या बाळंतिणी पाहिल्या होत्या की त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

"मावशी, टाका पिकला होता का हिचा?"

तुळजाबाई शेजारची बाई ऐकणार नाही इतक्या हळू बोलली. "माहेराले पाठवलं व्हतं तिले, पांढरकवड्याले. तिथं पुन्हा उघडून धुवा लागलं. लय दिवस पडून व्हती."

"मग इकडे काऊन नाही आणलंत? मी सांगितलं होतं ना, लगेच या म्हणून!"

"तुमीच सांगतलं व्हतं ना बाई," तुळजाबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "ज्याच्या घरी घाण त्याचाच टाका पिकते. मंग कोन्त्या तोंडानं येवाव? पन बाई, देवाची आन, मी रोज पानी उकळून देल्लं तिले. लुगडे उन्हात वाळवले. मले नाई समजलं कुठं चुकलं ते."

ती चारुलताबाईंपुढं चुकल्यासारखी उभी होती. घाण तिच्या घरात नव्हती, हे सांगायला हवं होतं. जखम ऑपरेशनच्या टेबलावरही बिघडते, डॉक्टरांच्या हातानं, नर्सच्या हातानं, कशानंही. कधी कशानं बिघडली ते कोणालाच कळत नाही. चारुलताबाईंना हे सगळं पाठ होतं. पण "बरं बरं, आता जपा तिला," एवढं पुटपुटून त्यांनी पैसे ठेवले आणि बसची वाट धरली. मेथीची पिशवी मांडीवर घेऊन त्या उटनूरपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या. रस्त्यात ओळखीची एक पेशंट चढली, 'सिस्टर' म्हणून हसली. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दवाखाना रिकामा झाला की त्या फोन घेऊन बसायच्या. न आलेल्या बायकांचे नंबर एकेक करून लावायच्या. पहिलं उत्तर सगळीकडं तेच, सगळं चांगलं आहे. मग त्यांनी बोलायची रीत बदलली. "माझं सांगणं चुकलं होतं. टाका कोणाचाही पिकतो. तुझा पिकला होता का?" पलीकडं एखादी रडायची. एकीनं हळद भरली होती. एकीला नवऱ्यानं मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या होत्या. एकीनं सासूलाही कळू दिलं नव्हतं. ती वाकून झाडायची आणि आतून पू वाहायचा. फोन ठेवला की चारुलताबाईंना त्या सगळ्या बायकांचे चेहरे समोर दिसायचे, माना डोलवणारे. जखमा कमी झाल्या नव्हत्या. त्या लपल्या होत्या, आणि त्यांना लपवलं होतं चारुलताबाईंनीच.

व्यंकटरावांना सांगायला गेल्या तेव्हा ते जेवण आटोपून हात पुसत होते.

"काऊन खोदून राह्यल्या सिस्टर?" ते म्हणाले. एरवी ते असं बोलत नसत. चिडले की गावाकडची बोली यायची. "पेपर स्वीकारला गेला. तपासणाऱ्यांनी विचारलं नाही, अन् आपण उठून सांगायचं?"

"आपण लिहिलंय की सगळ्यांना पाहिलं. आपण नाही पाहिलं."

"माझं नाव आहे त्याच्यावर. या वयात लोकांनी हसायचं का मला?"

"माझं पहिलं आहे, साहेब."

डॉक्टरांनी टॉवेल घडी करून ठेवला. पुन्हा उलगडला. मग म्हणाले, "ती ओळ मी वाचली होती. तेव्हाच खटकली होती."

"मलाही."

त्यानंतर दोघांना एकमेकांकडं पाहवेना. चारुलताबाई टेबलावरचा चष्मा पाहत होत्या. "करा मेल," डॉक्टर म्हणाले आणि वॉर्डात निघून गेले.

हेरंबनं मेलचा मसुदा केला. 'काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे' अशी सुरुवात होती. चारुलताबाईंनी ते वाचून मान हलवली. "तांत्रिक काही नाही. लिही, की आम्ही पाठपुरावा केला नाही आणि केला असं लिहिलं." हेरंब म्हणाला, "अगं, थोडं मऊ तरी करू." नाही म्हणाल्या. त्यानं लिहिलं, पण लिहिताना त्याचेही कान लाल झाले होते, कारण ते वाक्य मुळात त्याच्याच हातचं होतं.

संपादकाचं उत्तर कोरडं होतं. पेपर मागे घेतला आहे, कळवल्याबद्दल आभार. दोष दिला नाही, शाबासकीही नाही. खरी माहिती जमवून, बायका लाजेपायी जखम लपवतात यावर चारुलताबाईंनी आणि डॉक्टरांनी मग नवा पेपर लिहिला. त्याच जर्नलनं तो नाकारला, माहिती तोकडी आहे म्हणून. दुसरीकडं पाठवलाय, अजून काही कळलेलं नाही.

नर्सिंग कॉलेजात मात्र त्या गेल्या नाहीत. अंगात ताप आहे असं कळवलं. दूरच्या संपादकाला, ज्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, त्याला खरं लिहिता आलं. समोर बसलेल्या पोरींना सांगायची हिंमत झाली नाही. या खोट्याची लाज पहिल्या लाजेवर चढून बसली.

तुळजाबाईकडं जायला त्यांना दिवाळीनंतरचा मुहूर्त मिळाला. मळ्यातलं घर, दारापुढं सारवलेलं अंगण, दोरीवर पोराची दुपटी. इतकं स्वच्छ, की चारुलताबाईंना चपला कुठं काढाव्या समजेना. त्यांनी बाजेवर न बसता उभ्यानंच सांगून टाकलं. घाण तुमच्या घरात नव्हती. मी चुकीचं बोलले. तुम्ही आला नाहीत म्हणून मी तुम्हाला बऱ्या झालेल्यांत धरलं आणि तसं छापायला पाठवलं.

तुळजाबाईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. "असं कसं म्हन्ता बाई, तुमी आमच्या भल्याचंच सांगतलं व्हतं," म्हणत ती चहा टाकायला गेली. रुपा दाराशी उभी होती. तिनं विचारलं, "त्या छापलेल्यात माहं नाव व्हतं का?"

"नाही. नावं नसतात त्यात."

"मंग बरं." मग ती म्हणाली, "पांढरकवड्याच्या सिस्टरनं घर कसं हाय, काई इचारलंच नाई. धुतलं अन् पट्टी बांधली."

खाली मान घालून चारुलताबाईंनी विचारलं, "मी पाहू का एकदा? भरलंय की नाही नीट?"

रुपानं पदर पोटावर आणखी घट्ट धरला. "आज नको बाई," ती म्हणाली.

"बरं," चारुलताबाई म्हणाल्या. तुळजाबाईनं बशीत ओतून दिलेला चहा त्यांनी प्यायला, फार गोड होता, आणि रुपाचं पोर त्यांच्या साडीचा काठ धरून उभं राहायला बघत होतं, त्याला त्यांनी हात न लावता तसंच धरू दिलं.