एक इंची खिळा

खालच्या दुकानातल्या काकांना गल्लीत सगळे काटकोन म्हणतात. ते चित्रांच्या चौकटी बनवतात आणि साध्या फोटोलाही गुण्या लावून बघतात. मी त्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहते. साहित्याची पदवी घेऊन रिकामी बसलेली म्हणून खाली गप्पांना मला कायम मुभा.

त्यांच्या टेबलावर चित्र नेहमी पालथं असतं. खाली मऊ कापड, वर चित्राची पाठ. तीस वर्षं संग्रहालयाचं काम केलं, पण एकही चित्र समोरून पाहिलं नाही. मी चिडवलं की म्हणायचे, "शिंपी काय नवरदेवाचं तोंड बघून कोट शिवतो?"

काल सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. हातात खिळ्यांची डबी. पाऊण इंची खिळ्यांत एक इंची मिसळले होते. हल्ली जवळचं नीट दिसत नाही म्हणून ते बोटांनी चाचपून खिळे उचलतात. हे त्यांनी काकूंनाही सांगितलं नव्हतं. याच डबीतले खिळे त्यांनी संग्रहालयाच्या मोठ्या चित्राच्या पाठीला मारले होते. लांब खिळा लाकडी पट्टीतून आरपार जाऊन कॅनव्हासला टोचणार. आणि चित्र भिंतीवर लागूनही दोन दिवस झाले होते.

"तुझे डोळे तरुण आहेत. चल," ते म्हणाले.

संग्रहालय म्हणजे तीन खोल्या. तिसरीत ते चित्र. समोर दोरी, शेजारी स्टुलावर पहारेकरी. ठरलं असं की काकांनी त्याला बोलण्यात गुंतवायचं आणि मी कडा तपासायच्या. मी वाकले. पहारेकरी खाकरला. काका गप्पच. मी वळून पाहिलं. ते चित्र बघत होते.

चित्रात एक बाई पलंगाच्या काठावर बसली आहे. एक चप्पल पायात, दुसरी हातात. जावं की राहावं, तिचं ठरत नाही.

मग मला दिसलं. तिच्या पायाखाली, अगदी कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा. रंग अजून फुटला नव्हता.

मी काकांच्या कानात सांगितलं. हेही म्हटलं, की कोणाच्या लक्षात येणार नाही. बोललात तर संग्रहालयाचं काम गेलं, आणि त्या कामावरच दुकान उभं आहे.

"आठ दिवस ही माझ्या टेबलावर पालथी होती गं," ते म्हणाले. "हिचं तोंड दाबून मी खिळे मारत होतो."

त्यांनी पहारेकऱ्याला संग्रहालयाच्या प्रमुख बाईंना बोलवायला सांगितलं. बाईंना सगळं सांगितलं, डोळ्यांचंसुद्धा. बाईंनी वाकून तो उंचवटा पाहिला. मग चित्र उतरवलं. पहारेकरी ते पालथं ठेवायला लागला, तसा काकांनी हात आडवा घातला.

"उभीच धरा तिला."

एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने त्याने. काकांनी मागून बोटांनी खिळा शोधला आणि पकडीत धरला. केसभर ओढायचे, थांबायचे. माझी मनगटं बधिर झाली. रंगावरून मी नजर हलवली नाही. शेवटी खिळा निघाला. उंचवटा थोडा बसला. रंग शाबूत होता.

सांगितलंत हे चांगलं केलंत, असं बाई म्हणाल्या. पुढची चित्रं मात्र दुसरीकडे द्यावी लागतील, हेही म्हणाल्या. काकांनी मान हलवली. चित्र पुन्हा लावेपर्यंत थांबू का, एवढंच विचारलं.

पहारेकऱ्याने त्यांना आपलं स्टूल दिलं.

चित्र लावलं तेव्हा ते डावीकडे चांगलं बोटभर कललं होतं. मी वाट पाहिली. काका काही बोलले नाहीत. ते तिच्याकडे बघत होते.