मामांचा निडवा

आमच्या अफजलपूरच्या मामांना जगातली कोणतीही गोष्ट उसात आणून लावल्याखेरीज कळत नसे. आणि त्यांनी ती एकदा उसात आणली की समोरच्याला कळेनाशी होई. घरात त्यांचे नावच खोडवामामा पडले होते. कर्करोग झाल्यावर तरी हा गृहस्थ सरळ बोलेल, अशी माझी भाबडी समजूत होती.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांशी बोलण्याचे काम माझ्याकडे आले. मी शाळामास्तर, मुळात भिडस्त. काय विचारायचे ते बसमध्येच मनाशी जुळवून ठेवीत असे. डॉक्टरीणबाईंनी समजावले, की ही पहिल्या लाइनची ट्रीटमेंट. तिला आजार जुमानेनासा झाला, की दुसऱ्या लाइनची औषधे. मी पुढचा प्रश्न काढण्याआधीच मामा म्हणाले, "म्हणजे आधी लागण, मग खोडवा." बाईंनी माझ्याकडे पाहिले. लावलेला ऊस ती लागण, तो तोडल्यावर त्याच बुडख्यांतून फुटतो तो खोडवा, आणि त्याच्यानंतरचा निडवा, हा पाठ मला त्या खोलीत ओशाळून द्यावा लागला.

पुढे मामांच्या पायांना बधिरपणा आला आणि एक औषध बदलले. दुसरी लाइन सुरू झाली, या समजुतीने मी बाईंना गाठले. बाई म्हणाल्या, आजार वाढलेला नाही, औषध झेपेना म्हणून बदलले, लाइन पहिलीच. मामांनी मला वेड्यात काढले. "नांग्या भरल्या म्हणून लागणीचा खोडवा होतो व्हय, मास्तर?" उसातल्या रिकाम्या जागी नवी कांडी लावतात त्याला नांग्या भरणे म्हणतात, हेही मलाच सांगावे लागले. बाईंना हसू आले. मला आले नाही.

मग आजार खरोखरच वाढला आणि दुसरी लाइन लागली. आता ही उपमा किती महागात पडते ते कळले. ठरल्या दिवशी मामा दवाखान्यात आलेच नाहीत. मी तणतणत अफजलपूर गाठले, तर स्वारी बांधावर बसून ऊसतोड बघत होती.

"कामून एवढा तापलास? खोडव्याकडं कोण एवढं बघतंय? आपल्या आपण येतंय ते."

आमच्याकडे खोडव्याची अशी आबाळ होते, हे खरे आहे. ती आबाळ स्वतःच्या देहाशीही करावी, हे मात्र मामांनाच सुचावे. मी आयुष्यात प्रथमच त्यांच्यावर ओरडलो, आणि तेही त्यांच्याच भाषेत. "म्हणूनच तुमच्या खोडव्याला एकरी उतारा पडत नाही, मामा." मजूर कोयते थांबवून पाहू लागले. मामा मुकाट्याने उठले, चपला घातल्या आणि बसस्टँडकडे चालू लागले. त्यानंतर त्यांनी एकही खेप चुकवली नाही. फक्त वाटेत माझ्याशी बोलत नसत.

दुसरी लाइनही थकली. तिसरी आहे, बाई म्हणाल्या. पण तिचा गुण कमी आणि त्रास जास्त. नको असेल तर वेदनेवरचे, दम लागण्यावरचे उपचार चालूच राहतील. ती ट्रीटमेंटच असते, सोडून देणे नव्हे.

मी तिसरी घेण्याच्या बाजूने बोलू लागलो. मामांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"निडवा मोडायचा असतो."

माझा संताप अनावर झाला. निडव्याला उतारा नसतो, तो नांगरून टाकतात; गावाने नावे ठेवली तरी दरसाल तो ठेवणारा हाच माणूस. "मामा, तुम्ही स्वतः कधी मोडलात का?"

"न्हाई मोडला," मामा म्हणाले. "म्हणून तर सांगायलोय."

मी बाईंना तिसरी नको म्हणून सांगितले.

पुढे मामा घरीच वारले, फारशा वेदनांशिवाय. पंधरवड्याने मामेभाऊ नांगरट करायला निघाला. मामांनी जाताना ठेवलेला निडवा रानात उभा होता, विरळ, बोटाएवढा. त्यात काही राम नाही, हे मला पुरते कळत होते. ट्रॅक्टर बांधावर आला आणि मी हात वर करून त्याला म्हणालो, "जरा थांब ना."